दिलशादच्या हातचा केक

केकचा तुकडा ओवेसच्या तोंडात गेला आणि दिलशादचा हात हवेतच राहिला. आपल्या हातून काय झालं हे तिला कळेपर्यंत पोरानं तो चावून गिळलाही होता आणि वर "मामी, क्रीम एक नंबर हाय" असं म्हणून बोट चाटत होता. टेबलाच्या टोकाला थोरल्या नणंदेनं, खैरुन्निसा आपांनी, डोळे मिटले, दोन्ही हात वर उचलले, ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली आणि ते हात तोंडावरून फिरवले.  बाकीची माणसं अजून टाळ्याच वाजवत होती.

दोष द्यायचाच तर तो ताबिशला द्यायला हवा. आईबापांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून जहाजाची सहल ठरवली, इथवर ठीक होतं. पण मस्कतजवळ माबेलाला टायर विकून विकून त्या पोराला गिऱ्हाइकाला चकित करायची सवय लागली होती. त्यानं जहाजवाल्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं. जेवण संपत आलं आणि एकदम दिवे मंद झाले. दहाबारा वेटर रांगेनं नाचत आले, एकाच्या हातात गिटार, एकाच्या हातात केक. अख्खं जेवणघर वळून बघायला लागलं. दिलशादला आधी धरणी दुभंगावी असं वाटलं, मग जहाजावर धरणी कुठली म्हणून हसू आलं, आणि एकदा हसू आल्यावर ती सुटलीच. इक्बालला भरवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग ताबिशला, सुनेला, लेकीला अंबरीनला. रांगेत पुढचा ओवेस होता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या पडवीत बसायचा तसाच आ करून उभा. हात आपोआप गेला.

एरवी मामीनं भाच्याला केक भरवला तर कोणाचं काय जातं? पण इक्बालच्या सारंग घराण्यात आणि त्यांच्या नात्यागोत्यात एक रीत होती. मुलगी मागायला आलेल्यांना तोंडानं 'हो' म्हणत नसत. तो उतावळेपणा मानायचे. मुलीच्या आईनं चार माणसांदेखत मुलाला आपल्या हातानं गोड भरवायचं. म्हणजे शब्द दिला. दिलशादच्या आईनंही इक्बालला असाच रव्याचा लाडू भरवला होता, आणि तो लाडू दातांना इतका कडक लागला होता की इक्बाल अजून त्यावरून टोमणे मारायचा.

आणि आदल्याच संध्याकाळी आपांनी, म्हणजे ओवेसला वाढवणाऱ्या मावशीनं, त्याच्यासाठी अंबरीनला मागितलं होतं.

दुबईच्या इमारती मागं पडत होत्या. आपा वरच्या डेकवर आरामखुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या, बुरख्यावरून जहाजाचं निळं ब्लँकेट गुंडाळून, हातात आइस्क्रीमचा कोन. सहासष्ट वर्षांत ही बाई गावाबाहेर फारशी पडली नव्हती. आत्ता व्हिजिट व्हिसावर भावाकडे, ओमानात बरकाला आली होती. पण पूर्वजांनी जहाजं हाकली म्हणतात त्याची साक्ष आपांनी पहिल्या तासातच दिली. कुठली लिफ्ट कुठं जाते, चहा कुठं फुकट मिळतो, कोणता वेटर गोव्याचा, सगळं त्यांना पाठ. इक्बाल मात्र धुसफुसत होता. "पाच तास गाडी चालवून दुबईला आलो, कशाला? तर ह्या जहाजानं मना परत मस्कतला नेऊन उभा करायला! घराकडनं मत्राच्या बंदराला पाऊण तास लागतो." हे तो सगळ्यांना सांगून झाला होता, आता जहाजावरच्या अनोळखी माणसांना सांगत होता.

"दिलशाद, बस इकडं," आपा म्हणाल्या होत्या. "ओवेसला मी तुझी अंबरीन मागतेय. तोंडानं काय बोलू नको. आपल्याकडं कसं करतात ते तुना म्हायत हाय. तुझ्या मनानं घेतलं की कर."

"बरं आपा," दिलशाद म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, ऐकलं. किंवा, बघते. किंवा, या अल्ला. पण पस्तीस वर्षं तिच्या तोंडात 'बरं आपा' असं बसलं होतं की दुसरं काही बाहेर यायला जागाच नव्हती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासू नव्हती, आपाच होत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, पोटी मूल नाही, कमरेला किल्ल्या. मीठ किती घालायचं ते आपा सांगायच्या, माहेरी कधी जायचं ते आपा सांगायच्या. वाईट नव्हत्या. ताप आला तर उशाशी रात्र काढायच्या. पण त्यांना 'नाय' म्हणालेलं माणूस अजून जन्मायचं होतं.

*

"आई, व्हॉट डिड यू डू?"

अंबरीन केबिनमध्ये शिरली ती दार आपटूनच. मागोमाग ओवेस, कान लाल झालेला. केबिन केवढी, तर दोन पलंग आणि मध्ये एक माणूस आडवा उभा राहील एवढी. पलंगावर जहाजाच्या पोऱ्यांनी टॉवेलची घडी घालून हत्ती करून ठेवला होता. इक्बाल तो हत्ती मांडीवर घेऊन बसला होता, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"फुफी बाहेर सगळ्यांना सांगतेय," अंबरीन आपल्या आत्याबद्दल म्हणाली. "लिफ्टमधल्या जर्मन कपलला पण सांगितलं! हिंदीत! त्यांनी कॉन्ग्रॅच्युलेशन्स म्हटलं मला!"

"मना वाटलं केक हाय," दिलशाद पुटपुटली.

"केकच होता!"

"मामी," ओवेस म्हणाला, "मी तोंडच उघडायला नको होतं."

"तुझं तोंड कवा बंद असतं?" अंबरीननं त्याच्या खांद्यावर गुद्दा घातला आणि मग दोघंही हसायला लागले, हसता हसता एकदम थांबले. ही दोघं महिन्याभराच्या अंतरानं जन्मलेली. ओवेस चार वर्षांपूर्वी रुस्ताकला बांधकाम कंपनीत लागला तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी बरकाच्या घरी हजर व्हायचा, मासे हादडायचा आणि अंबरीनच्या गाडीला, केसांना, तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याला नावं ठेवायचा. अंबरीन त्याला आपल्याहून धाकट्या भावासारखा धारेवर धरायची. लग्नाचा विचार त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता.

"आई, तो ओवेस आहे," अंबरीन आता हळू बोलली. तिचं मराठी असं अडखळायला लागलं की दिलशादला कळायचं, पोरगी घाबरलीय. "मला त्याच्याशी... मी नाही करू शकत. प्लीज. मी फुफीला सांगते, आत्ता."

"तू नाय." दिलशाद उठून उभी राहिली. "तू बोललीस तर ती बोलेल, आईनं पोरीला शिकवलं नाय. हात माझा होता. तोंड पण माझंच पाह्यजे."

"ओवेस, तू सांग ना तुझ्या खालाला," इक्बाल म्हणाला. आपली सुटका कुठून होते ते तो बघत होता.

ओवेस जमिनीकडे बघत राहिला. "मामू, खालानं मना वाढवलं. आई गेली तवा मी दीड वर्षाचा होतो. बाप कुवेतला दुसरं लग्न करून तिकडचाच झाला. खालानं माझ्यासाठी काय नाय केलं सांगा. ती बोलली विहिरीत उडी मार, तर मी एवढंच विचारेन की कुठच्या. मी नाय बोलू शकत तिला." त्यानं अंबरीनकडं बघितलं. "सॉरी. ती बोलली तर मी निकाह करेन. म्हणून तर मामी, तुम्हीच बोला."

हे ऐकून अंबरीनचा चेहरा पार उतरला. मग ती दोघं निघून गेली, अंबरीन पुढं आणि ओवेस चार पावलं मागं. आजवर ती दोघं कधी अशी चालली नव्हती.

दार लागल्याबरोबर इक्बाल हत्तीच्या आडून म्हणाला, "मी एक सांगू? तू सांग, ह्याला लहानपणी तू दूध पाजलंयस. दूधभाऊ झाला की निकाह हरामच. विषय खलास. आपा पण काय बोलू शकणार नाय."

"तौबा करा."

"केली. पण विचार कर."

दिलशादनं विचार केला, नाही असं नाही. सोपी वाट दिसल्यावर कोण बघत नाही? पण ती वाटही बंद होती, आणि ती बंद कोणी केली होती हे आठवून ती मटकन पलंगावर बसली. अंबरीनच्या बाळंतपणाला ती गावी होती. तिकडं नणंद खुदेजा, ओवेसची आई, बाळंत होऊन तापानं फणफणलेली, दूध आटलेलं. तीन आठवड्यांचं पोर भुकेनं ओरडून ओरडून निळं पडत होतं. दिलशादनं त्याला पदराखाली घेतलंच होतं. तेवढ्यात आपांनी हात धरला. "नको. पुढं कोणाच्या नशिबात काय असेल." आणि कापसाची वात बकरीच्या दुधात बुडवून पोराच्या ओठांना लावली. तेव्हा दिलशादला वाटलं, आपा उगाच बोलतात. आत्ता कळलं, उगाच नव्हतं. पाळण्यातच लग्न ठरवून झालं होतं.

"आपानंच थांबवली मना," ती इक्बालला म्हणाली. "तिला खोटं सांगणार तरी कसं?"

इक्बालनं हत्ती बाजूला ठेवला. "मग खरंच सांग."

"तुमी सांगा. तुमची बहीण."

"मी?" बरकाच्या किनाऱ्यावर जाळी आणि दोरखंड विकताना ओमानी कोळ्यांशी तासन्‌तास घासाघीस करणारा माणूस, आपल्या अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, बरोबरीनं बोलणारा. पण थोरल्या बहिणीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. "दिलशाद, मी तुझ्या बाजूला उभा राह्यन. अगदी चिकटून. पण बोल तूच."

एवढं तरी म्हणाला, हे तिनं पदरात पाडून घेतलं. जहाज भर समुद्रात होतं आणि आपांच्या फोनला नेटवर्क नव्हतं, हाच काय तो दिलासा. लिफ्टमधल्या जर्मनांना कळलं तर कळू दे. गावाला कळायच्या आत बोलायचं. सकाळी, नाश्त्याच्या आधी.

*

सकाळी ती वर गेली तेव्हा आपा कठड्याला टेकून उभ्या होत्या. समोर मस्कतचे डोंगर, उघडेबोडके आणि कोवळ्या उन्हात तांबूस. दिलशाद इथं तीस वर्षं राहिली, पण हे शहर समुद्राकडून तिनं कधी बघितलं नव्हतं. ते तिला कोणा दुसऱ्याचंच वाटलं. आपल्या घराच्या मागच्या दारानं पहिल्यांदाच आत येतोय असं काहीसं.

"ये," आपा म्हणाल्या आणि हातातला कागदी कप पुढं केला. "चहा घे. गोव्याच्या पोराला सांगून कडक करून घेतलाय."

आपांनी तिच्यासाठी चहा आणावा! दिलशादनं कप घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. "आपा, मना जरा बोलायचं हाय."

"मना पण. आधी माझं ऐक." आपा डोंगराकडंच बघत होत्या. "तू भरवलास ना, तवा माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी आज हाय, उद्या नाय. साखर हाय, बीपी हाय. खुदेजा जाताना माझा हात धरून गेली. पोराला बघ बोलली. मी बघितलं. पण माझ्या मागं त्याला कोण, हे मना कोण सांगत नव्हतं. आता तो तुझ्या घरात आला. आता मी सुखानं डोळे मिटेन."

आपांचा आवाज असा ओला कधी झाला नव्हता. दिलशादचे डोळे भरले, आणि रात्रभर जुळवलेली वाक्यं चहात विरघळून गेली. आता काय बोलायचं? कुठल्या तोंडानं बोलायचं? तिनं कप कठड्यावर ठेवला. आणि तेवढ्यात आपांच्या पर्समध्ये फोन टुंगटुंगायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. ओमानचं नेटवर्क लागलं होतं.

"आपा, थांबा—"

पण आपांनी फोन काढून अंगठा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दाबलाही होता. त्यांना लिहिता यायचं बेताचं, म्हणून सगळा कारभार बोलून. फोन तोंडासमोर आडवा धरून, गावातल्या पार खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अस्सलामु अलैकुम! खैरुन्निसा बोलतेय, जहाजावरनं! सगळ्यांनी ऐका. ओवेसचं ठरलं! इक्बालच्या अंबरीनशी! दिलशादनं आपल्या हातानं गोड भरवलं! मुबारक!" आणि अंगठा उचलला.

गेलं. अंगठ्याइतक्या वेळात अख्ख्या गावाला गेलं.

*

जहाज मत्राच्या धक्क्याला लागलं, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्डं दाखवून झाली आणि बसनं सगळ्यांना बंदराच्या फाटकाबाहेर आणून सोडलं. बाहेर टॅक्सीवाले उभेच होते. एक ओमानी म्हातारा इक्बालसमोर आला. "सिटी टूर, सर? सूक, ग्रँड मॉस्क, पॅलेस? फर्स्ट टाइम इन मस्कत?"

सदतीस वर्षं इथं काढलेल्या इक्बालनं त्याला अरबीत जे उत्तर दिलं त्यानं म्हातारा इतका हसला की त्याची टोपी सरकली. त्यानं इक्बालला मिठीच मारली. ताबिशनं त्याचाही फोटो काढला. ताबिश सकाळपासून फोटो काढत होता, कारण काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं होतं पण काय, ते कोणी सांगत नव्हतं.

"आई," अंबरीननं कोपराला धरलं, "बोललीस?"

"बोलते."

"आई!"

"बोलते म्हटलं ना!"

आणि तेव्हा पलीकडून ओरडा आला, "इक्बालभाई! भाभी! मुबारक!"

कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, कठड्याला तीन गाड्या लावलेल्या. पुढं बदरुद्दीन, बरकाच्या मासळी बाजारातला, गावचाच, ह्या घराचा जुना दोस्त. त्याच्या मागं बरकातले चौघं, रुस्ताकहून ओवेसचे दोन दोस्त, कोणाकोणाच्या बायका, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. निशिगंधाचे हार. मिठाईचे डबे. बदरुद्दीनच्या दोन्ही हातांत ओमानी हलव्याचं भलंमोठं भांडं, अजून गरम. गावाहून बातमी बरकाला यायला नाश्त्याइतकाही वेळ लागला नव्हता. हलवा वाटेत घेतला होता, हार कुठून आणले ते अल्लाला ठाऊक. एक युरोपी बाई थांबून हे सगळं स्थानिक स्वागत समजून व्हिडिओ घ्यायला लागली.

ओवेसच्या गळ्यात हार पडला. अंबरीनच्या गळ्यात पडला. आपांच्या गळ्यात दोन पडले, आणि त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या. बदरुद्दीननं भांडं एका हातावर तोलून हलव्याचा गोळा बोटांनी उचलला आणि दिलशादसमोर धरला. "भाभी, तोंड उघडा!"

दिलशाद दोन पावलं मागं सरली. "नाय! आज कोणी कोणाला काय भरवायचं नाय!"

सगळे खदाखदा हसले. ती हसत नाही हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, तशी एकेकाची बत्तिशी मिटत गेली. बदरुद्दीनचा हात तसाच पुढं, बोटांवरून तूप ओघळतंय. इक्बाल येऊन दिलशादच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. म्हटल्याप्रमाणं, अगदी चिकटून.

"आपा," दिलशाद म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिनं परत सुरुवात केली. "आपा, काल मी ओवेसला भरवला तो केक होता. शब्द नव्हता. माझ्या लग्नाचा केक, मी खुशीत होते, माझा हात गेला. चूक माझी. पण अंबरीनला हे लग्न नको हाय. आणि मना पण नको हाय."

बदरुद्दीननं पुढं केलेला हात मागं घेतला. 

"चार माणसांदेखत भरवलास," आपा म्हणाल्या.

"व्हय. म्हणून चार माणसांदेखतच सांगतेय."

"सव्वीस वर्षं मी हे मनात धरलंय, दिलशाद." आपांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "ह्याला तुझ्या अंगावर पिऊ दिला नाय मी. कशाला? ह्या दिवसासाठी."

"म्हायत हाय. काल कळलं मना." दिलशादचे डोळे वाहायला लागले होते पण ती थांबली नाही, थांबली तर परत सुरू होता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "पोर भुकेनं निळं पडलं होतं, आपा. माझी चोळी भिजून गेली होती. तुमी बोललात नको, आणि मी बोलले, बरं आपा. त्या 'बरं'ची मना अजून लाज वाटते. आज परत बरं बोलले तर माझी पोरगी जन्मभर सांगेल, आई माझ्यासाठी पण गप बसली."

अंबरीननं तोंडावर हात दाबला. आपांनी गळ्यातला एक हार ओढून काढला, तो कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरला.

"मग ह्याचं काय?" हार धरलेला हात ओवेसकडं झाला. "माझ्या मागं ह्याला कोण?"

"मी," दिलशाद म्हणाली. "दुसरं कोण? दर गुरुवारी माझ्या घरात जेवतो, माझ्या कालवणाला नावं ठेवतो, आजारी पडला तर मना फोन करतो. जावई केला तर मना त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन जपून बोलावं लागेल, ताटात पापलेट आधी त्याला वाढावं लागेल. मना जावई नको, आपा. मना त्याच्यावर ओरडता आलं पाह्यजे. मना मुलगा पाह्यजे."

ओवेस एवढ्या वेळ गळ्यात हार घालून खांबासारखा उभा होता. तो गर्रकन वळला आणि समुद्राकडं तोंड करून कठड्याला टेकला. त्याचे खांदे हलत होते. अंबरीन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता तिनं त्याच्या पाठीत एक धपका घातला, नेहमीसारखा. ताबिशनं कॅमेरा खाली केला.

आपा त्या दोघांकडं बघत राहिल्या.  बदरुद्दीनला हलव्याचं भांडं जड झालं असावं. त्यानं ते हळूच गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

तेवढ्यात आपांच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. त्यांनी काढून बघितला. गावाहून गुलबानू, आपांची चुलतबहीण, गावातली सगळ्यात लांब जिभेची बाई. फोन वाजत राहिला. दिलशादनं इक्बालचा हात घट्ट धरला. आता आपा काय सांगतील? जे सांगतील तेच गाव धरून चालेल. पुढची वीस वर्षं लग्नाकार्यांत तेच चघळलं जाईल.

आपांनी फोन कानाला लावला.

"वालेकुम सलाम. हां गुलबानू. मुबारक मागनं दे, आधी ऐक. लग्न नाय... नाय बोलले ना! काय झालं म्हणजे? नाय जमत... पोराचं काय नाय, पोर सोन्यासारखा हाय... इक्बाल? तो कसला बोलतोय! तो बघ उभा हाय, बायकोला चिकटून." आपांनी भावाकडं एक कटाक्ष टाकला. इक्बाल आणखी चिकटला. "दिलशाद बोलली... दिलशाद गो. आपली दिलशाद... हां, तीच... माझ्या तोंडावर! भर रस्त्यात, सगळ्यांसमोर!... मी? मी काय करणार? ऐकून घेतलं."

पलीकडून गुलबानू काहीतरी बोलली. बरंच बोलली. ऐकता ऐकता आपांच्या कपाळावर आठी चढली.

"हसतेस काय? हसू नको. तुझ्या सुनेनं तुना असं सांगितलं असतं तर तू चक्कर येऊन पडली असतीस. मी उभी हाय." त्यांनी चष्मा काढला, हातातल्या निशिगंधाच्या हारानंच पुसायचा प्रयत्न केला, आणखी मळवला आणि तसाच परत घातला. "आणि आता नीट ऐक. ओवेससाठी सगळ्यांना सांगून ठेव. चांगल्या घरातली, शिकलेली, हसरी बघा. फोटो मागवून घे... नाय, नाय, मना नको पाठवू. दिलशादला पाठव. पोराच्या आईनं बघायचे असतात ते."